सहा शरणपुरे आणि प्रमुख याजकाचा मृत्यू

मोहरीचा_दाणा

बायबलातल्या गणना या पुस्तकाच्या 35व्या अध्यायावरचा उपदेश आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेला असतो. साचा ठरलेला. सहा नगरं, रुंद रस्ते, चौकाचौकात पाट्या, रात्रंदिवस उघडे दरवाजे, पाठीमागे तलवार घेऊन धावणारा सूड घेणारा, आणि शेवटी मंडळीकडे बोट रोखून 'आज तू कुठे धावतो आहेस?' उपदेश रंगतो यात शंका नाही. पण त्यातला बराचसा रंग त्या अध्यायात नाहीच. आणि अध्यायात जे सगळ्यात विचित्र आहे, त्याला मात्र फारसं कोणी हात लावत नाही. म्हणून हा धागा.

ज्यांना संदर्भ माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडी पार्श्वभूमी. प्राचीन इस्राएलात पोलीस नव्हते. कोणी मारला गेला की त्याच्या सर्वात जवळच्या पुरुष नातलगावर मारणाऱ्याचा जीव घेण्याची जबाबदारी येई. मोशेच्या नियमशास्त्राने ही रीत मोडली नाही, तिला कुंपण घातलं. लेवी वंशाला जमिनीचा वाटा नव्हता, राहायला 48 गावं होती, त्यांतली सहा शरणपुरं, म्हणजे चुकून कोणाला मारणाऱ्याने जीव वाचवायला आश्रय घ्यायची नगरं. यार्देनेच्या पश्चिमेला गालीलातलं केदेश, एफ्राइमाच्या डोंगराळ मुलखातलं शखेम आणि यहूदातलं हेब्रोन. पूर्वेला बेसेर, गिलादातलं रामोथ आणि बाशानातलं गोलान.

अनुवाद या पुस्तकाच्या 19व्या अध्यायात उदाहरणही दिलंय. दोघं रानात लाकडं तोडायला जातात, घाव घालताना कुऱ्हाडीचं पातं दांड्यातून निसटतं आणि सोबत्याला लागून तो मरतो. वैर नाही, दबा धरणं नाही. हा माणूस धावत सुटतो. यहोशवा 20 प्रमाणे वेशीपाशी वडीलजनांसमोर आपली हकीकत सांगतो आणि ते त्याला आत घेतात. मग मंडळीसमोर निवाडा. हेतुपुरस्सर मारलं असं ठरलं तर त्याला परत सूड घेणाऱ्याच्या हाती देतात, तो वेदीला बिलगला असला तरी ओढून काढतात (निर्गम 21:14). चुकून घडलं असं ठरलं तर त्याला पुन्हा त्याच नगरात नेऊन सोडायचं आणि तिथेच राहायचं.

किती दिवस? पाच वर्षं, दहा वर्षं? नाही. प्रमुख याजक, म्हणजे देशातला सर्वोच्च पुरोहित, मरेपर्यंत.

इथे जरा थांबा. याजक पंचविशीचा धडधाकट असेल तर ह्या बिचाऱ्याचं अख्खं आयुष्य परक्या गावात गेलं. याजक अंथरुणाला खिळलेला असेल तर आठवड्यात घरी. सुटकेचा त्याच्या चुकीच्या आकाराशी संबंध नाही, वागणुकीशी नाही, पश्चात्तापाशीही नाही. पैसे भरून सुटायचं म्हटलं तर 35:32 मध्ये स्पष्ट मनाई आहे. श्रीमंत-गरीब सगळे एका ओळीत बसून एकाच माणसाच्या मरणाची वाट बघणार, आणि त्या माणसाने यांच्यापैकी कोणाला कधी पाहिलेलंही नसेल.

असं का? मला वाटतं उत्तर 33व्या वचनात आहे. सांडलेल्या रक्ताने देश विटाळतो आणि रक्त पाडणाऱ्याच्या रक्तावाचून शुद्ध होत नाही. अपघात झाला तरी रक्त सांडलंच ना? मारणाऱ्याचा जीव तर घ्यायचा नाही. मग हिशेब मिटायचा कसा? एका मृत्यूने, आणि तोही बारा वंशांची नावं उरपटावर वागवत देवासमोर उभा राहणाऱ्या माणसाच्या मृत्यूने. मोशे ग्रीनबर्ग या ज्यू अभ्यासकाने 1959 साली साधारण हेच मांडलं होतं, की प्रमुख याजकाच्या मृत्यूत प्रायश्चित्ताचं मोल आहे. त्याला ख्रिस्ती शिकवण सिद्ध करायची नव्हती, हे महत्त्वाचं.

आता नव्या करारातलं इब्री लोकांस पत्र उघडा. 6:18 मध्ये 'आश्रयाला धावलेले आपण' येतात, आणि दोनच वचनांनंतर येशू 'युगानुयुग प्रमुख याजक' म्हणून येतो. पत्रलेखक शरणपुरांचं नाव घेत नाही. पण धावणारे आणि याजक इतके शेजारी शेजारी बसलेत की वाचणाऱ्याला गणना 35 आठवल्याशिवाय राहत नाही.

'ख्रिस्त हे आपलं शरणपूर' एवढ्यावर थांबणारा उपदेश मला म्हणूनच अर्धा वाटतो. नगर जीव वाचवतं, घरी पाठवत नाही. घरी पाठवतो तो याजकाचा मृत्यू. तुम्हाला काय वाटतं?

---

पास्टरकाका

दाणे साहेब, मंडळीसमोर उभं राहून पंचवीस मिनिटांत सांगायचं असतं, तेव्हा पाट्या आणि रस्ते उपयोगी पडतात, एवढं तरी मान्य करा! रस्त्याबद्दल अनुवाद 19:3 मध्ये आहेच की: वाट तयार कर, देशाचे तीन भाग कर, म्हणजे कोणालाही पळून पोचता यावं.

आणि नावांचं तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. केदेश म्हणजे पवित्र, शखेम म्हणजे खांदा, हेब्रोन म्हणजे सहवास, बेसेर म्हणजे तटबंदी, रामोथ म्हणजे उंच स्थानं, गोलानचा अर्थ आनंद असा लावतात. ख्रिस्त पवित्र, आपला भार खांद्यावर घेणारा, त्याच्याशी सहवास... सहा रविवारांची मालिका तयार.

---

मोहरीचा_दाणा

काका, नावांचा हा खेळ बायबलाचा भाष्यकार मॅथ्यू हेन्री यानेही नोंदवलाय, पण त्याआधी 'नावांवर कोट्या करणं मला आवडत नाही' असं म्हणून मग नोंदवलाय. अठराव्या शतकातल्या माणसालाही संकोच वाटला होता. ही गावांची जुनीच नावं आहेत हो, इस्राएल लोक येण्याआधीपासूनची. हेब्रोनाचं त्याही आधीचं नाव किर्याथ-आर्बा. त्या नावावर रविवार कसा काढणार?

रस्त्याचं मात्र मान्य. ते अनुवादात आहे.

---

अलिबागची_रिबका

धागा आवडला. मी बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, त्यामुळे अर्थात दुसऱ्या बाजूने बघते.

पाट्या आमच्या घरच्या आहेत. तलमुदात, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या संग्रहात, मक्कोत नावाच्या भागात, रब्बी एलिएझर बेन याकोब यांच्या नावावर ते आहे: फाट्याफाट्यावर 'मिकलात' (आश्रय) लिहिलेलं असायचं, म्हणजे पळणाऱ्याला दिशा कळावी. रस्त्याची रुंदी 32 हात हेही तलमुदातलंच. तुमच्या पास्टरांनी आमचं घेतलंय, घेऊ देत, पण कुठून घेतलं ते सांगावं एवढंच.

याजकाच्या मृत्यूबद्दल मिश्नेत (तलमुदाचा मूळ गाभा) जे आहे ते मात्र उपदेशात कधी ऐकलं नसेल. प्रमुख याजकांच्या आया शरणपुरात राहणाऱ्या या लोकांना अन्नवस्त्र पुरवत असत. का? तर त्यांनी आपला मुलगा मरावा म्हणून प्रार्थना करू नये! विचार करा, गावात एवढी माणसं बसलीयेत आणि प्रत्येकाची सुटका आपल्या लेकाच्या मरणात आहे. आई दुसरं काय करणार, टोपलीभर जेवण पाठवणार.

मग तलमूद विचारतो, समजा त्यांनी प्रार्थना केली, तर याजक मरेल का? विनाकारण दिलेला शाप तर लागत नाही. उत्तर असं की याजकाचाही दोष आहेच. आपल्या पिढीसाठी त्याने दया मागायला हवी होती, ती त्याने मागितली नाही.

बाकी तपशीलही छान आहेत. पळणाऱ्याबरोबर वाटेत दोन विद्वान पाठवायचे, सूड घेणारा गाठेल तर त्याला समजवायला. शिष्याला जावं लागलं तर गुरूनेही त्याच्याबरोबर जायचं, कारण तोरा, म्हणजे मोशेचं नियमशास्त्र, त्याच्याशिवाय जगणं हे जगणं नव्हे. गावं मध्यम आकाराची, पाणी असलेली, बाजार असलेली. आणि गावकरी त्याला मान द्यायला लागले तर त्याने सांगायचं की मी मनुष्यवध केलेला माणूस आहे. ते म्हणाले 'तरीही', तर मग स्वीकारावा.

---

मोहरीचा_दाणा

रिबकाताई, आयांचं माहीत होतं, पण 'याजकाने दया मागायला हवी होती' हे माहीत नव्हतं. इब्री 7:25 मध्ये नेमकं उलट विधान आहे: हा याजक मध्यस्थी करण्यासाठी सर्वदा जिवंत आहे. दोन्ही शेजारी ठेवून वाचायला हवं.

---

नास्तिक_नाना

एक साधा प्रश्न. अख्ख्या बायबलात एकतरी माणूस या सहा गावांपैकी एकात पळून गेल्याची गोष्ट आहे का? नाव, गाव, प्रसंग?

माझ्या माहितीप्रमाणे नाही. दावीदाचा मुलगा अदोनीया शलमोन राजाला घाबरून वेदीची शिंगं धरतो (1 राजे 1). दावीदाचा सेनापती यवाबही तेच करतो आणि तिथेच मारला जातो (1 राजे 2). म्हणजे खरी जुनी पद्धत वेदीची. पुढे यहूदाचा राजा योशीया याच्या काळात, इ. स. पू. सातव्या शतकात, गावोगावच्या वेद्या मोडून उपासना एकट्या यरुशलेमेत आणली. मग बाहेरगावच्या माणसाने जायचं कुठे? म्हणून कागदावर सहा गावं. वेलहाउझेन या जर्मन बायबल-अभ्यासकाने एकोणिसाव्या शतकात हेच मांडलं. कागदावरच्या योजनेवर तुम्ही तारणाचा इमला चढवताय.

---

मोहरीचा_दाणा

नाना, गोष्ट नाही हे खरं. मी तर तुमच्या बाजूचा आणखी पुरावा देतो. 2 शमुवेल 14 मध्ये तकोवाची शहाणी बाई दावीदाला रचलेली कथा सांगते: दोन मुलं शेतात भांडली, एकाने दुसऱ्याला मारलं, आता घराणं उठलंय की खुनी आमच्या हाती दे. राजा तिला सूड घेणाऱ्यापासून संरक्षण देतो. 'जवळच्या शरणपुरात पाठव' असं कोणीच म्हणत नाही, तीही नाही आणि राजाही नाही.

आणि हेब्रोन! शौलाच्या बाजूचा सेनापती अबनेर याने असाएलाला लढाईत मारलं, तेही 'मागे फिर' असं दोनदा सांगून झाल्यावर. असाएलाचा भाऊ यवाब अबनेराला भेटतो हेब्रोनाच्या वेशीत, खाजगी बोलायच्या निमित्ताने बाजूला नेतो आणि पोटात भोसकतो (2 शमुवेल 3:27). शरणपुराच्या दारात. होशेय 6:9 तर त्याहून भयंकर आहे: याजकांची टोळी शखेमाच्या वाटेवर खून पाडते. शरणाच्या वाटेवर, आणि याजकच.

म्हणजे योजना चालली नाही, किंवा फार थोडी चालली. पण ही सहाही गावं कल्पनेतली नव्हती. शखेम म्हणजे आजच्या नाब्लुसजवळचं तेल बलाता. बेसेरचं नाव मवाबी राजा मेशाच्या शिलालेखात आहे, ते उद्ध्वस्त होतं म्हणून मी बांधलं असं तो सांगतो. तो शिलालेख 1868 मध्ये सापडला, आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे.

आणि ख्रिस्ती वाचनाचं म्हणाल तर चाललेल्या योजनेपेक्षा न चाललेली योजनाच 'येणाऱ्या गोष्टींची छाया' म्हणून जास्त शोभते. इब्रीकराचा सगळा युक्तिवादच तो आहे: पहिली व्यवस्था पुरी पडली असती तर दुसरीची गरज काय होती?

---

नास्तिक_नाना

वा. चालली तर पुरावा, नाही चालली तर अधिक मोठा पुरावा. तुमच्याशी पैज लावायची नाही हे ठरलं.

---

वकिलीण

नानांना टाळ्या. पण कायद्याच्या अंगाने बघितलं तर हा मजकूर फार पुढचा आहे. हेतू तपासायच्या खुणा बघा: हातात लोखंडी हत्यार होतं का, जीव जाईल एवढा दगड होता का, आधीचं वैर होतं का, दबा धरला होता का. आपल्या भारतीय न्याय संहितेत कलम 101 खुनाची व्याख्या करतं आणि 106 निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूचं आहे. भेद तोच, हेतूचा. शिवाय एका साक्षीदारावर कोणाला देहान्त नाही (35:30).

त्या काळच्या इतर कायद्यांत पैशाने सुटता येत असे. बाबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या 207व्या कलमात मारामारीत कोणी मेला आणि मारणाऱ्याने 'हेतू नव्हता' अशी शपथ घेतली, तर अर्धा मीना चांदी भरायची की विषय संपला. इथे पैसे घेणंच बंद. मेलेल्याची किंमत लावायची नाही, हा त्यातला खरा मुद्दा. गरिबाच्या बाजूने केलेला कायदा आहे हा.

मला खटकतं ते वेगळंच. कुऱ्हाडीचं पातं निसटलं, यात त्याचा गुन्हा काय? तरी त्याला घरदार सोडून अनिश्चित काळ राहायचं. ही शिक्षा आहे की संरक्षण?

---

अलिबागची_रिबका

आमच्या परंपरेत दोन्ही. शब्दच 'गालूत' वापरतात, म्हणजे परागंदा होणं. नुसतं लपणं नाही, प्रायश्चित्तही. इतकं की माणूस तिथे मेला तर तिथेच पुरायचा, आणि प्रमुख याजक वारला की मग हाडं पूर्वजांच्या कबरीत नेता येतात. मेल्यावरसुद्धा सुटका याजकाच्या मृत्यूनेच!

आणि बाहेर पडायला काहीही कारण चालत नाही. साक्ष द्यायला नाही. मिश्नेचं म्हणणं असं की अख्ख्या इस्राएलाला त्याची गरज असली, तो सरूवेचा मुलगा यवाब याच्यासारखा सेनापती असला, तरी निघायचं नाही. उदाहरणाला नाव कोणाचं घेतलंय बघा.

---

वसईकर

आमच्या कॅथलिक बाजूने एक भर. शरणपुरांचं रूपक ख्रिस्ती लोकांनी काढलं असं नाही. अलेक्झांड्रियाचा फिलो, येशूच्याच काळातला ज्यू तत्त्वज्ञ, त्याने पळण्यावरच एक आख्खा ग्रंथ लिहिलाय. त्यात सहा नगरं म्हणजे दैवी लोगोस (देवाचा शब्द) आणि देवाच्या पाच शक्ती, आणि प्रमुख याजक म्हणजेही लोगोसच. पण मृत्यूचा अर्थ तो उलटा लावतो. लोगोस आत्म्यात जिवंत आहे तोवर पाप परत येऊ शकत नाही, तो 'मरतो' म्हणजे आत्म्यातून निघून जातो, आणि मग पापाला परतायची वाट मोकळी. म्हणजे फिलोला याजकाचा मृत्यू हे संकट वाटतं.

चौथ्या शतकात मिलानचे बिशप संत अॅम्ब्रोज यांनी जगापासून पळण्यावर लिहिताना फिलोचं बरंच उचललं. तेव्हा दाणे, तुम्ही 'याजकाच्या मृत्यूने सुटका' म्हणता ते मजकुराला धरून आहे, पण सगळ्यांनी तसंच वाचलं असं समजू नका.

---

मोहरीचा_दाणा

वसईकर, भारी. फिलोला अडचण कुठे झाली ते कळतं. त्याचा याजक हाडामांसाचा नाही, कल्पना आहे, आणि कल्पना मरून कोणाचं भलं होत नाही. मरण्याचा उपयोग व्हायला मरणारा माणूस लागतो. इब्री 2 त्यावरच आहे: तो दयाळू प्रमुख याजक व्हावा म्हणून त्याला सर्व प्रकारे भावांसारखं व्हावं लागलं.

---

मीठभाकर

मी या चर्चेत पहिल्यांदाच लिहितेय. प्रश्न कदाचित बाळबोध असेल. शरणपूर चुकून मारणाऱ्यासाठी. मुद्दाम मारणाऱ्याला तिथून हाकलतात. मग मुद्दाम पाप केलेल्याने या प्रतीकातून काय घ्यायचं? माझ्या ओळखीच्या एका माणसाने ठरवून, समजून उमजून दुसऱ्याचं आयुष्य उद्ध्वस्त केलं, आणि आता तो रडतो. त्याला गणना 35 वाचून दाखवू का? त्यात तर त्याला दार बंद आहे.

---

पास्टरकाका

बाळबोध अजिबात नाही ताई. बहुतेक उपदेशक (मी धरून) इथे पटकन उडी मारतात: 'शरणपूर फक्त अजाणतेपणी चुकणाऱ्यांना, ख्रिस्त सर्वांना.' ते खरंच आहे, पण त्या उडीखाली एक खड्डा आहे, तो पाहायला हवा.

पहिलं, येशू वधस्तंभावर काय मागतो? बापा, त्यांना क्षमा कर, कारण ते काय करतात हे त्यांना कळत नाही (लूक 23:34). खिळे ठोकणारे तर मुद्दाम ठोकत होते. पण तो त्यांची बाजू कशी मांडतो बघा: जणू वेशीपाशी वडीलजनांसमोर उभा राहून सांगतोय की हे चुकून झालंय. पेत्रही तेच म्हणतो, तुम्ही आणि तुमच्या अधिकाऱ्यांनी अज्ञानाने केलं (प्रेषितांची कृत्ये 3:17). पौल स्वतःबद्दल तेच म्हणतो (1 तीमथ्य 1:13). म्हणजे ज्यांना शरणपुरात जागा नव्हती, त्यांना नव्या करारात कोणीतरी अजाणत्यांच्या रांगेत नेऊन बसवतोय.

---

मोहरीचा_दाणा

काका, हे फार सुंदर. पण मीठभाकरताईंच्या माणसाला त्याने पुरतं उत्तर मिळत नाही, कारण तो स्वतःच म्हणेल की मला सगळं कळत होतं. त्याच्यासाठी मला गणना 35 पेक्षा स्तोत्र 51 जवळचं वाटतं. दावीद राजाने आपला सैनिक उरीया याला मारवलं ते ठरवून, पत्र लिहून, तेही उरीयाच्याच हातून पाठवून. त्याला कोणतंच शरणपूर लागू नव्हतं. आणि स्तोत्रात तो म्हणतो की यज्ञ चालला असता तर मी केला असता. नियमशास्त्रात त्याच्या पापावर यज्ञच नव्हता. प्रतीक संपतं तिथे तो देवासमोर रिकाम्या हाताने उभा राहतो. त्या माणसाला ते वाचून दाखवा.

शरणपूर हे ख्रिस्ताचं चित्र आहे, पण आखूड चित्र. जिथे कमी पडतं तिथे ते कमी पडतं असंच सांगावं. ओढूनताणून पुरतं केलं की ऐकणाऱ्या खऱ्या अपराध्याला वाटतं, माझ्याबद्दल कोणी बोलतच नाहीये.

---

मीठभाकर

आभार दोघांचेही. त्याला 51 दाखवते.

---

गोदाकाठ

थोडं अवांतर. नाशिककरांना शरणपूर रोड म्हणजे दुकानं आणि ट्रॅफिक. पण ते नाव याच शरणपुरांवरून आलंय. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकजवळ वसवलेली ही ख्रिस्ती वस्ती. अरबी समुद्रात गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईला उतरवत आणि त्यांतली बरीच इथे शिकायला पाठवत. मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन याचं शव ज्यांनी आफ्रिकेच्या आतल्या भागातून किनाऱ्यापर्यंत वाहून आणलं त्यांत शरणपूरला शिकलेला जेकब वेनराइट होता, आणि 1874 मध्ये वेस्टमिन्स्टर अॅबीतल्या अंत्यविधीलाही तो हजर होता. पुढे शरणपूरच्या मिशनरी प्राइस यांनी मोंबासाजवळ सुटलेल्या गुलामांसाठी फ्रेअरटाउन वसवलं, तिथे इथले बरेच जण गेले.

गणना 35:15 मध्ये शरणपूर परदेशीय आणि उपरी यांनाही खुलं आहे. निदान ते एक वचन नाशिकला अक्षरशः पाळलं गेलं.

---

नास्तिक_नाना

हे आवडलं. यात कुठे इमला नाही.

---

वकिलीण

एक राहिलंच. या चित्रात सूड घेणारा कोण? मी लहानपणी ऐकलेल्या उपदेशात तो सैतान होता.

---

मोहरीचा_दाणा

सैतान म्हणणं मला चूक वाटतं. सूड घेणाऱ्याचा दावा न्याय्य आहे. त्याचा भाऊ गेलाय आणि नियमशास्त्र त्याला हक्क देतं. नगराबाहेर त्याने गाठून मारलं तर तो दोषी नाही (35:27). सैतानाला असा कायदेशीर हक्क कोण देईल?

हा जो जवळचा नातलग आहे, त्याचीच बाकीची कामं लेवीय 25 मध्ये आहेत. भावाने गरिबीपायी विकलेली जमीन सोडवायची, गुलाम झालेल्या भावाला पैसे देऊन सोडवायचं. रूथच्या पुस्तकात बवाज विधवा रूथेसाठी करतो ते याच नात्याने. रक्त मागणारा आणि सोडवणारा एकच माणूस. आता यापुढचं कोणत्याही वचनात लिहिलेलं नाही, माझी जुळवाजुळव आहे, तशीच घ्या: ज्याला आपलं रक्त मागायचा हक्क होता, तोच भाऊ झाला, तोच याजक झाला, आणि ज्याच्या मरणाची आपण वाट बघत होतो तोही तोच.

आणि मेला कुठे? वेशीबाहेर (इब्री 13:12). शरणपुराचा नियम आठवा: वेशीच्या आत जीव सुरक्षित, बाहेर पाऊल टाकलं की सूड घेणाऱ्याला मोकळीक. तो त्या बाजूला जाऊन उभा राहिला.

---

अलिबागची_रिबका

दाणेभाऊ, जुळवाजुळव देखणी आहे, पण माझा एक हिशेब बाकी आहे. अनुवाद 19:8-9 मध्ये म्हटलंय की देव तुझी सीमा वाढवेल तेव्हा आणखी तीन नगरं जोड. ती तीन कधीच जोडली गेली नाहीत. रांबाम (तुमचा मैमोनिदेस, मध्ययुगातला मोठा ज्यू धर्मशास्त्री) म्हणतो, देवाची आज्ञा फुकट असूच शकत नाही, तेव्हा ती मशीहाच्या काळात जोडली जातील, आणि तो हे मशीहा येणार असल्याचा पुरावा म्हणून देतो. तुमच्या मते मशीहा येऊन गेला. मग उरलेली तीन नगरं दाखवा बघू!

---

मोहरीचा_दाणा

ताई, इथे मी चितपट :)

उत्तर द्यायचंच तर इब्री 13:14 देईन: इथे आपल्याला कायमचं नगर नाही, येणाऱ्या नगराची वाट पाहतो. पण हे तुमच्या प्रश्नाला टोलवणं झालं, हेही खरं. तुम्ही तीन नगरांची वाट बघताय, आम्ही एकाची.

---

वकिलीण

याजक वारला, माणूस घरी आला. पुढे? त्याची आधीची नोकरी, मान, पद परत मिळतं का? माझ्या अशिलांचा पहिला प्रश्न हाच असतो.

---

अलिबागची_रिबका

मिश्नेत यावर वाद आहे. रब्बी मेईर म्हणतात, आधीच्या पदावर परत येतो. रब्बी येहूदा म्हणतात, नाही. रांबामने दुसरं मत धरलंय: प्रायश्चित्त पुरं झालं, पण एवढा मोठा अनर्थ त्याच्या हातून घडला, म्हणून जुनं पद आयुष्यभर नाही.

---

पास्टरकाका

मी रब्बी मेईर यांच्या बाजूने. पेत्राने येशूला तीनदा नाकारलं, आणि योहान 21 मध्ये त्याला 'माझी मेंढरं राख' असं तीनदा सांगितलं.

---

नास्तिक_नाना

मी येहूदांच्या. कुऱ्हाडीचं पातं घट्ट आहे का ते बघायला हवं होतं त्याने.